सकाळी न उठणारी मशीनं

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबली, की माणसं दोनच गोष्टी करतात. एक तर दिसतील ती बटणं दाबत सुटतात, नाहीतर मला फोन करतात. बहुतेक जण आधी पहिली गोष्ट करून मग दुसरीकडे वळतात आणि शपथेवर सांगतात, "बाई, मी कशालाही हात लावलेला नाही." या एका वाक्यावर माझं घर चाललं, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी गिरगावची. एका कंपनीच्या दुरुस्ती विभागात राहून फोर्टमधल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळण्यात माझी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर घरी बसून पाहिलं. मी घरी बसणं कुणाच्याच हिताचं नाही, हे माझ्याआधी घरच्यांच्या लक्षात आलं. त्यातून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून देण्याचा उद्योग सुरू झाला आणि अजून चालू आहे.

ज्यांना लिनक्स म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर चालवणारी ती एक सिस्टिम आहे. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणालाही मोफत वापरता येते. विकतच्या नव्या सिस्टिमचं ओझं ज्या म्हाताऱ्या मशीनला पेलत नाही, तेसुद्धा हिच्यावर आणखी काही वर्षं सुखाने चालतं. बसवायला अवघड नाही. पेनड्राइव्ह लावायचा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेवटी 'काम झालं, मशीन पुन्हा सुरू करा' असा निरोप येतो. खरी गंमत त्यानंतर असते, कारण पुष्कळदा मशीन पुन्हा सुरू होत नाही.

बटण दाबल्यावर मशीन आधी स्वतःला चाचपून बघतं. मेमरी जागेवर आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का. मग त्या डिस्कवर एक छोटा प्रोग्रॅम शोधतं. तो सापडला की तो पुढे जाऊन आख्ख्या सिस्टिमला उठवतो. याला आम्ही बूट होणं म्हणतो. यात कुठेही एक कडी निसटली की सगळं तिथेच अडतं, आणि कुठली कडी निसटली ते शोधणं हे आमचं काम. आमचे पहिले साहेब, कर्णिक, नव्या माणसाला दोनच गोष्टी सांगायचे. गिऱ्हाईक नेहमी पडद्यावरचा शेवटचा निरोप सांगतं, तुम्ही पहिला विचारा. आणि बिघाड ज्या वेळेला होतो त्या वेळेला तिथे हजर राहा. पहिली गोष्ट मी मनापासून पाळत आले. दुसरी जरा जड जायची, कारण लोकांचे बिघाड नेमके माझ्या जेवणाच्या वेळेला होत.

आता गिरगावातल्या नानांचं उदाहरण घ्या. नाना लग्नपत्रिका छापतात. त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी लिनक्स बसवायला घेतलं. काम संपत आलं होतं, तेवढ्यात मला घरून बोलावणं आलं. "शेवटचा निरोप आला की पेनड्राइव्ह काढा आणि मशीन बंद करा," असं सांगून मी निघाले. दसऱ्याला सकाळी नानांचा फोन.

"बाई, ही तुमची सिस्टिम स्वतःला पुन्हा बसवायला निघाल्ये. सारखं विचारतंय, इन्स्टॉल करू का? हो म्हणू?"

"अजिबात हो म्हणू नका!" मी ओरडलेच. हो म्हटलं असतं तर डिस्कवर जपून ठेवलेल्या त्यांच्या सगळ्या पत्रिकांवर बोळा फिरला असता. "नाना, पेनड्राइव्ह काढला होतात ना?"

नाना म्हणाले, "हिने काल संध्याकाळीच सगळ्याची पूजा मांडली. कॅबिनेटला, मशीनला, त्या तुमच्या पेनड्राइव्हलाही हळदकुंकू वाहिलंय, वर झेंडूचं फूल आहे. आता पूजेतली वस्तू मधेच कशी हलवायची?"

मशीन आपलं इमानदारीने आधी पेनड्राइव्हकडे बघत होतं, आणि तिथे बसवणारी सिस्टिम तयार बसलेली. मी वहिनींना फोनवर घेतलं. त्यांनी अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हणाल्या आणि पेनड्राइव्ह उचलला. "वहिनी, याचं पुनरागमन तेवढं नको हो," असं मी म्हणाले. मशीन सरळ उठलं. नानांनी त्या दिवसाची पहिली पत्रिका मला फोनवर वाचून दाखवत छापली.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या एका सोसायटीच्या ऑफिसातलं मशीन तर महिन्याआड रुसायचं. खिडकीबाहेर बोंबील वाळत घातलेले, आत खारा वारा. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात त्या वाऱ्याने काळे पडत आणि मशीन नुसतं शीळ घालत बसे. शाळेतल्या खोडरबराने ते दात घासले की काम भागायचं. तिथल्या सेक्रेटरी काकू मला म्हणाल्या, "आता हा रबर इथेच ठेवून जा, तुमी कशाला दरवेळी उन्हातानाची येताव." रबर ठेवला, घासायला शिकवलं. त्या बाईंनी मला पिशवी भरून सुके बोंबील दिले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

पण हे सगळं लिहायला बसले ती लालबागच्या एका चाळीतल्या कामामुळे. ते काम आठवलं की अजून मला माझ्या धंद्याबद्दल बरं वाटतं.

चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची एक खोली होती. लोअर परळच्या एका ऑफिसने आपली जुनी मशीनं काढून टाकली, ती मंडळाचा सेक्रेटरी दीपक याने खटपट करून मिळवली. पोरांसाठी अभ्यासिका करायची असं ठरलं. दीपक विमानतळावर नोकरीला, पाळ्यांमध्ये काम करणारा, चाळिशीतला, बोलायला भारी. मला फोन करून म्हणाला, "मॅडम, मशीनं फुकट आहेत, लिनक्स फुकट आहे, आता तुम्ही पण." मी हसले आणि गेले.

संध्याकाळी बसून सगळ्या मशीनवर लिनक्स चढवलं. इथे एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. डिस्कवर सिस्टिम शोधायच्या मशीनजवळ दोन रीती असतात, एक जुनी आणि एक नवी. मी सिस्टिम नव्या रीतीने बसवली आणि प्रत्येक मशीनच्या सेटिंगमध्ये 'नव्या रीतीनेच शोध' असं सांगून ठेवलं. जुन्या रीतीने शोधलं तर सिस्टिम समोर असून सापडत नाही. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिल्यावर जुना खोली नंबर घेऊन आलेल्या पोस्टमनचं जे होतं तेच. बाकी काही खोट नव्हती. पोरांनी मशीनं सुरू केली, कुणी गणितं उघडली, कुणी चित्रं. मी चहा पिऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीपकचा फोन. "मॅडम, एकही उठत नाय. 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणतंय." गेले. बघते तर प्रत्येक मशीन पुन्हा जुन्या रीतीवर गेलेलं. मी ते बदललं, सगळी उठली. पोरांपैकी कुणीतरी सेटिंगमध्ये बोटं घातली असणार, असं मी धरून चालले. चाळीतल्या पोरांबद्दल असं धरून चालायला फार पुरावा लागत नाही. मी सेटिंगच्या पानाला पासवर्डचं कुलूप घातलं आणि पासवर्ड एकट्या दीपकला दिला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुलूप जागच्या जागी, आणि आतलं सेटिंग बदललेलं! असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दीपक दुपारी नाहीतर संध्याकाळी पाळीवरून आला की पासवर्ड घालून ते पुन्हा नव्या रीतीवर आणायचा. मग रात्री खोली बंद होईपर्यंत मशीनं गुणी बाळासारखी चालत, आणि सकाळ झाली की ठप्प. मी डिस्क तपासल्या, केबली तपासल्या, एका मशीनवर सिस्टिम नव्याने बसवून पाहिली. संध्याकाळी सगळं चोख. माझा फणफणाट घरचे ऐकून घेत होते, पण मशीन ऐकत नव्हतं.

एकदा दीपक चाचरत म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? सकाळी ती सुलभावहिनी येते ना, वरच्या माळ्यावरची. तिच्या हातनं होतंय ते. संध्याकाळी पोरं बसतात तेव्हा मस्त चालतं. ती सकाळी बसली की गेलं. कमिटीत लोक बोलायला लागलेत, सकाळची खोली बंदच ठेवा म्हणून."

मला ते पटलं नाही, म्हणून मी या सुलभावहिनीचा नंबर घेतला आणि फोन केला.

पलीकडचा आवाज इतका हळू होता की मला पंखा बंद करावा लागला. "ताई, माझ्या हातून काही बिघडलं असेल तर मी येणं बंद करते," हे तिचं पहिलं वाक्य. पुढचं मी खोदून खोदून काढलं. तिचा नवरा सरकारी ऑफिसात शिपाई होता. तो गेल्यावर तिला त्याच ऑफिसात कारकुनाची जागा मिळाली, पण अट होती. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर जागा जाणार. एकदा ती नापास झाली होती. आता मुदतीच्या आतली शेवटची परीक्षा राहिली होती. घरी सासू आणि दोन मुलं, संध्याकाळी घरचं सगळं आवरायचं, आणि अभ्यासिकेतल्या मशीनवर तेव्हा पोरं. सकाळी ऑफिसला निघायच्या आधीचा वेळ तेवढा तिचा स्वतःचा होता.

"परीक्षा कधी आहे?" मी विचारलं.

"परवा. रविवारी."

"आणि इतके दिवस तू सकाळी येऊन काय केलंस?"

"कीबोर्डवर बोटं फिरवते, ताई. पडद्यावर काही येत नाही. पण बोटांना जागा तरी लक्षात राहतात."

फोन ठेवल्यावर मला बसवेना. बंद मशीनसमोर बसून ही बाई रोज टाइप करत होती, काय चुकतंय आणि काय बरोबर येतंय याचा पत्ता नाही, आणि आम्ही म्हणत होतो की तिचा हात वाईट. त्या क्षणी मला कर्णिकसाहेबांची दुसरी गोष्ट आठवली. बिघाड सकाळी होतो, आणि मी दर वेळी संध्याकाळी जात होते.

शनिवारी सकाळी पहिल्या बसने लालबागला पोचले. चाळीत नळाला पाणी आलं होतं, बादल्यांचा आवाज चालू होता. सुलभा जिन्यापाशी माझी वाट बघत उभी होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले, हातात खोलीची किल्ली. तिने मला आत नेलं नाही. आधी जिन्याखालचं एक स्टूल ओढलं, त्यावर चढली, वरच्या लाकडी पेटीचं दार उघडलं आणि आतला मोठा खटका दोन्ही हातांनी वर केला. खट्ट आवाज झाला आणि खोलीच्या दारावरचा दिवा लागला.

"हे काय केलंस?"

"मेन वर केला. खोलीचा वेगळा आहे ना."

"तो रोज खाली असतो?"

"हो. भाऊमामा रात्री खाली करतात," ती सहज म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच मला कुणी सांगितलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो हे पाहुण्याला कोण सांगतं? माझ्या डोक्यात काहीतरी हललं. आत गेलो. तिने एका मशीनचं बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली, आणि तिचा हात सवयीने वरच्या रांगेतल्या एका बटणाकडे गेला.

"थांब!" मी तिचं मनगट धरलं. "हे काय दाबतेयस?"

"एफ-वन. तेच सांगतंय ना दाबायला. रोज सगळ्या मशीनवर दाबते, एखादं तरी उठेल म्हणून."

मी वाकून वाचलं. तारीख आणि वेळ हरवली आहे, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. खाली तारीख होती ती सुलभाचं लग्नही झालं नसेल तेव्हाची. हा पहिला निरोप. तिने तो रोज इमानाने पाळला होता, आणि एकदा ते बटण दाबलं की तो पुन्हा दिसत नाही. म्हणून संध्याकाळी दीपकला आणि मला फक्त शेवटचा निरोप दिसायचा. मी खुर्चीत बसले आणि मोठ्याने हसले. ती बिचारी घाबरली.

तिला जे सांगितलं ते इथेही सांगते. प्रत्येक मशीनमध्ये एक छोटा सेल असतो, नाण्याएवढा. मशीनचा वीजपुरवठा तुटला की तारीख आणि सेटिंग लक्षात ठेवायचं काम तो सेल करतो. पासवर्ड वेगळ्या जागी राहतो, तो पुसला जात नाही. या मशीनांचे सेल कधीच संपलेले होते. ऑफिसात ते कुणाला कळलं नाही, कारण तिथे वीज कधी तुटतच नव्हती. बटण बंद असलं तरी भिंतीतून थोडी वीज मिळत राहते, तेवढ्यावर भागायचं. इथे मात्र रोज रात्री भाऊमामा मेन खाली करत, आणि मशीनं आपलं शिकलेलं सगळं विसरून जन्मापासूनच्या जुन्या रीतीवर जात.

"म्हणजे माझ्या हातून नाही?" सुलभाने विचारलं.

"तुझ्या हातून काहीही नाही."

ती पदराने कीबोर्ड पुसत राहिली, तो स्वच्छच होता.

आमचा आवाज ऐकून दारात एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ आले. खांद्यावर पंचा, हातात तांब्या. "कोण गो ह्या सकाळी सकाळी हसता?"

"मामा, या मशीन बसवणाऱ्या ताई," सुलभा म्हणाली. हेच भाऊमामा. आयुष्यभर गिरणीत फिटर. मी त्यांना नमस्कार केला आणि मेनचं विचारलं.

"मेन मीच खाली करतंय. रोज," ते म्हणाले. "ह्याच पेटयेन एकदा जाळ धरल्यान. आमची ही बाजूच्या खोलयेत निजलेली. वाचली, पण धुरान छाती गेली ती गेलीच. आणि मिलीत पण तसाच. पाळी सुटली की मेन खाली. चालू मेन सोडून घराक जाणारो फिटर मी कधी बघूक नाय."

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं, आणि मला घालायचाही नव्हता. मेन खाली करणं बरोबरच होतं. मी एका मशीनची पेटी उघडली, सेल काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी तो चकचकीत गोल तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"एवढ्याश्यान?"

"एवढ्याशानेच, मामा."

मग त्यांनी सुलभाकडे पाहिलं. "कितके दिस गेले गो तुझे?"

"जाऊ दे ना मामा. तुम्हाला काय माहीत."

"परीक्षा कधी?"

"उद्या."

भाऊमामांनी तांब्या खिडकीत ठेवला, पंचा झटकून खांद्यावर घेतला आणि निघून गेले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळाने परत आले ते नाक्यावरच्या घड्याळवाल्याचं दुकान उघडायला लावून सेलांची आख्खी पट्टी घेऊन. मी सेल बसवत गेले आणि ते प्रत्येक मशीनशेजारी उभे राहून बघत राहिले, जुना कुठे ठेवला, नवा कुठल्या बाजूने बसला. सगळ्यांना नव्या रीतीवर आणल्यावर ते स्वतः स्टुलावर चढले, मेन खाली केला, आणि आम्ही तिघं जरा वेळ थांबलो. मग त्यांनी मेन वर केला. एकामागून एक सगळी मशीनं उठली. तारीख बरोबर, सिस्टिम जागेवर.

"पुन्यांदा," भाऊमामा म्हणाले. त्यांनी अजून एकदा खाली-वर करून बघितलं. मशीनं पुन्हा उठली.

त्या दिवशी सुलभाला सुट्टी होती. ती बसली ती जेवायलाही उठली नाही, सासूने ताट खाली आणून दिलं. मी थोडा वेळ मागे उभी राहिले. बंद मशीनवर रोज फिरलेली तिची बोटं एकदाही कीबोर्डकडे न बघता चालत होती. निघताना मी भाऊमामांना पुन्हा सांगितलं, "आज रात्री नेहमीसारखा खुशाल मेन खाली करा. आता काही होणार नाही." त्यांनी मान हलवली.

पुढचं मला सुलभाने नंतर सांगितलं. रविवारी परीक्षेला जायच्या आधी बोटं गरम करून घ्यावीत म्हणून ती उजाडताच खाली आली. स्टूल ओढायला गेली तर स्टूल जागेवर नव्हतं. मीटरपेटीखाली घडीची खुर्ची टाकून भाऊमामा बसले होते. कानाला मफलर, पायाशी वाळूची बादली, समोरच्या स्टुलावर बॅटरी आणि रिकामा चहाचा कप. पेटीचं दार उघडं होतं आणि मेन वर होता.

"मामा, मेन खाली नाही केलात?"

"आज नाय."

"अहो, ताई म्हणाल्या होत्या, आता खाली केला तरी चालतं म्हणून. तुम्ही समोर दोनदा करून बघितलंत ना?"

"ताईन सांगल्यान ता खराच," भाऊमामा म्हणाले. "पण नवो पार्ट बसवलो की पयली पाळी फिटरान मशीनीकडे बसाचा, ही आमची रीत. तू तुझा काम कर. मी आसंय हय."

ती आत गेली आणि बसली. पडदा धूसर दिसत होता म्हणाली, दोन-तीन ओळी नुसत्या चुकांच्या गेल्या. मग डोळे पुसले आणि नीट सुरू केलं.

हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते. मी हातातली सुरी खाली ठेवली. इतकी वर्षं मी लोकांची मशीनं उठवली. लोकांनी आभार मानले, बोंबील दिले, दिवाळीला फराळ पाठवला. पण मी केलेल्या कामाच्या उशाशी आजवर कुणी असं बसलं नव्हतं. आणि तेही असा माणूस, ज्याला वर असलेल्या मेनची खरोखरची भीती होती. माझ्या सेलवर त्यांचा अविश्वास नव्हता, हे मला कळत होतं. त्यांना तिची एक सकाळ तिला परत द्यायची होती. त्यासाठी त्यांच्याजवळ देण्यासारखं जे होतं, ते त्यांनी दिलं. मी त्यांची ऋणी आहे, आणि हे मी त्यांना तोंडावरही सांगितलं. त्यांनी विषय बदलला आणि मला मालवणी खाज्याची पुडी दिली.

सुलभा पास झाली. निकालाच्या दिवशी मला बोलावणं होतं, म्हणून गेले. दीपकने दारातच कान पकडले. "वहिनी, सॉरी हां. हात तुझा लाखात एक आहे." तिने त्याला पेढा दिला आणि म्हणाली, "आता सकाळची खोली बंद ठेवायची ना?" दीपक लाजला. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या की सून आता पर्मनंट. पोरांनी सगळ्या मशीनवर मोठ्या अक्षरांत तिचं नाव टाइप करून ठेवलं होतं.

पहिला पेढा तिने भाऊमामांना दिला होता, पण त्यांनी तो तोंडात टाकला नव्हता. खोली बंद करायची वेळ झाली तेव्हा ते स्टुलावर चढले, पेढ्याचा एक तुकडा मोडून मीटरपेटीच्या वरच्या फळीवर ठेवला, हात जोडले आणि उरलेला खाल्ला. मग त्यांनी खोलीत डोकावून बघितलं. सुलभा अजून मशीनसमोर बसलेली होती.

"झाला गो तुझा?"

"झालं मामा," ती म्हणाली. तिने मशीन बंद केलं आणि बाहेर आली. "करा खाली."

भाऊमामांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मेन खाली ओढला.